लंडन किती लांब?

गेल्या महिन्यातली गोष्ट. पहिली पाळी सुटली होती. आम्ही ऑफिसात डिस्पॅचची चलने लावत बसलो होतो. एवढ्यात मोल्डिंगवर काम करणारे आमचे एक जुने सहकारी दारात येऊन उभे राहिले. हाताला वाळू तशीच होती. म्हणाले, "दादा, रातच्याला घरी येतासा काय? पोरीचं लंडनला जायाचं ठरलंय. तिची आई रातभर डोळा लावंना झालीया."

पोरीचे ठरलेले आम्हाला ठाऊक होते. आमच्या शिरोली एम.आय.डी.सी.च्या भट्टीपुढे पंचवीस वर्षे उभा राहिलेला बाप, आणि त्याची मुलगी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला निघालेली! सगळ्या वस्तीला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण अभिमान वस्तीचा असतो आणि काळजी आईची असते, हे आम्ही विसरलो होतो.

रात्री घरी गेलो. चहा झाला. मुलीने मोबाईलवर बघून ठेवले होते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाने साडेनऊ-दहा तास. तिने आईला ते चार वेळा सांगितले होते. आईचे समाधान काही होत नव्हते. शेवटी ती माउली आमच्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमी शिकल्यालं हायसा, तुमी सांगा. लंडन म्हंजे किती लांब वो? हितनं निघाल्याली पोर कवा पोचायची? आन उद्या आमचंच कायबाय झालं, तर तिची गाठ पडायची का न्हाई?"

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोबाईलमध्ये होते. दुसऱ्याचे अर्धेच होते. तिसऱ्याचे तर मुळीच नव्हते. पण तिचा खरा प्रश्न तिसराच होता. त्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे, म्हणून आज हा लेख लिहीत आहोत.

आमची चुकलेली बेरीज

जुलै २०१४. आमचा धाकटा भाऊ तेव्हा दुबईला मशिनिस्ट म्हणून कामाला होता. एका रात्री एकच्या सुमारास आमची आई गेली. लगेच फोन केला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पोरगा फोनवर रडला, मग सावरला. तासाभराने त्याचा उलटा फोन आला, "सकाळच्या नऊच्या इमानाचं तिकीट गावलंय. दादा, मी येतोय. माझ्यासाठी थांबा."

आम्ही बी.कॉम. पगारपत्रकात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. आम्ही बेरीज केली. विमान नऊचे, प्रवास तीन तासांचा, म्हणजे बाराला मुंबई. तेव्हा कोल्हापूरच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमान नव्हते. म्हणून मुंबईहून भाड्याची गाडी, सात तास. संध्याकाळी सातला पोरगा दारात. तसे सगळ्यांना सांगून टाकले. पाहुण्यांना सांगितले, बौद्धाचार्यांना सांगितले, स्मशानात लाकडे साडेसातच्या हिशेबाने लावली.

सात वाजले, आठ वाजले. भावाचा फोन तिकडच्या सिमकार्डाचा, तो इकडे लागेना. मध्ये एकदा ड्रायव्हरच्या फोनवरून त्याचा आवाज आला, "वाटंत हाय," आणि फोन तुटला. कुठल्या वाटेत, ते कळले नाही. आम्ही आपले समजलो, साताऱ्यापर्यंत आला असेल. पाऊस धरला होता. आईला जाऊन वीस तास होत आले होते. लांबून आलेले पाहुणे ताटकळले होते, बायका उपाशी होत्या. साडेनऊला वडीलधारी मंडळी बसली आणि म्हणाली, आता थांबवत नाही. त्रिसरण-पंचशील झाले. दहा वाजता चिता पेटली.

भाऊ साडेअकराला आला. स्मशानाच्या फाटकातच उभा राहिला. आम्हाला म्हणाला, "दीड तास, दादा. फकस्त दीड तास." पुढे कधीही, एका शब्दाने त्याने आम्हाला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

नंतर कितीतरी रात्री आम्ही ती बेरीज पुन्हा मांडली. चूक कोणत्याही कंपनीची नव्हती, ड्रायव्हरची नव्हती, पावसाचीसुद्धा नव्हती. चूक आमची होती. तिकिटावरचे नऊ हे दुबईचे नऊ होते. भारताचे घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे असते. म्हणजे विमान आपल्या साडेदहाला निघाले आणि आपल्या दीड वाजता उतरले. हा गेला दीड तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग, शिक्का, सामान, गाडी मिळणे, यांचा सव्वा तास आम्ही धरलाच नव्हता. रस्ता सात तासांचा धरला, तो पावसात पावणेनऊ तासांचा झाला. दीड, सव्वा आणि पावणेदोन मिळून साडेचार तास. सातमध्ये साडेचार मिळवा, साडेअकरा होतात. पोरगा बरोबर वेळेवर आला होता. चुकलो होतो आम्ही.

ही बेरीज आदल्या रात्री बरोबर केली असती, तर सांगता आले असते की अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. बर्फाची सोय केली असती. आईला शेवटचे बघायचे त्याचे राहिले नसते. म्हणून म्हणतो, किलोमीटर आणि तास हा काही भूगोलाच्या मास्तरांचा विषय नाही. ज्याच्या घरातले माणूस लांब आहे, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

आधी अंतर समजून घेऊ

त्या घरी लहान पोरे होती. त्यांच्याकडे शाळेतला पृथ्वीचा छोटा गोल होता. आम्ही तो मागवला आणि शिवणाचा दोरा घेतला. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरले, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि ताणला. पोरे ओरडली, "काका, दोरा वर चाललाय!" खरेच होते. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी लावली, तर रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून जाते असे वाटते. गोलावर मात्र ताणलेला दोरा मध्य आशिया, रशिया असा उत्तरेकडे चढतो आणि ग्रीनलंडच्या बाजूने खाली अमेरिकेत उतरतो. पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्यावरची सर्वांत जवळची वाट नकाशात वाकडी दिसते. दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा देतात, तो या ताणलेल्या दोऱ्याचा. मुंबई ते न्यूयॉर्क तो सुमारे साडेबारा हजार किलोमीटर येतो. सध्याच्या लांबच लांब थेट विमानसेवांमध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्क या सेवेचे नाव घेतात. तिचा दोरा पंधरा हजार किलोमीटरच्या वर जातो आणि माणूस अठरा तासांहून अधिक वेळ आकाशात असतो.

पण विमान दरवेळी त्या दोऱ्यावरूनच जाईल असे नाही. ज्या देशावरून जायचे, त्याची परवानगी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या बहुतेक कंपन्यांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि भारतानेही तसेच केले. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानांना वळसा घालून जावे लागले. दोऱ्याचे अंतर तेच राहिले, वेळ मात्र वाढला. आमच्या धंद्यातही हेच झाले. शिरोलीची कास्टिंग न्हावाशेव्याहून बोटीने युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा कित्येक बोटी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून गेल्या. गिऱ्हाइकाला उशिराची कारणे लिहिता लिहिता आमची बोटे दुखली.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मोठी विमाने जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवरून, ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जातात. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. म्हणून पश्चिमेला लंडनकडे जाताना वारा तोंडावर आणि परत येताना पाठीवर. जाताना दहा तास लागले, तर येताना नऊच्या आसपास लागतात. सायकलवर पंचगंगेच्या पुलावरून वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन घड्याळांची गाठ

आता वेळ. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जो पूर्वेला, त्याचा सूर्य आधी उगवतो. म्हणून प्रत्येक देशाचे घड्याळ वेगळे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात, म्हणून हा फरक. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ.

तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावाची वेळ असते. वाचकांनी हे एक वाक्य लक्षात ठेवले, तरी आमच्या लेखाचे काम झाले.

मुलीला आम्ही कागदावर मांडून दाखवले. समजा, विमान मुंबईहून दुपारी दोनला निघाले आणि दिवस उन्हाळ्याचे आहेत. दहा तासांचा प्रवास. आपल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजतील. तेव्हा लंडनात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. तिकिटावर लिहिलेले असेल, निघणे दोन, पोचणे साडेसात. भोळा माणूस म्हणेल, वा, साडेपाच तासांत लंडन! परतीला समजा लंडनहून रात्री नऊला निघाली आणि नऊ तास लागले. लंडनच्या घड्याळात सकाळचे सहा, आपल्याकडे साडेदहा. तिकीट सांगेल, रात्री नऊ ते सकाळी साडेदहा. म्हणजे साडेतेरा तास. मुलीच्या आईने हे ऐकले आणि म्हणाली, "येताना इमान दमतंय जणू!"

सगळे हसले. पण यातच आम्हा कारकुनांची एक युक्ती आहे. जाण्याचे दिसणारे तास आणि येण्याचे दिसणारे तास यांची बेरीज करा. साडेपाच अधिक साडेतेरा, एकोणीस. हे जाऊन येऊन आकाशात घालवलेले खरे तास. कारण जाताना घड्याळाने जेवढे दिले, तेवढेच येताना परत घेतले. त्याचे निम्मे केले की एका बाजूचा सरासरी प्रवास साडेनऊ तास. घड्याळांचा फरक पाठ नसला तरी हा हिशेब चुकत नाही. अट दोन गोष्टींची. दोन्ही वेळा विमान थेट असावे, आणि मधल्या दिवसांत तिकडचे घड्याळ पुढे-मागे झालेले नसावे.

तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे कधी कधी अधिक एक असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी. ते बारीक अक्षर न बघितल्यामुळे एक दिवस आधी स्टेशनवर जाऊन बसलेले पाहुणे आम्ही पाहिले आहेत.

घरापासून घरापर्यंत

आता खरा हिशेब. विमानतळ ते विमानतळ हा विमान कंपनीचा हिशेब झाला. आईचा हिशेब उंबरठा ते उंबरठा असतो.

मुलगी शिरोलीहून रात्री नऊला बसने निघेल. सकाळी सात वाजता मुंबईचे विमानतळ. परदेशी जाताना तीन-चार तास आधी आत गेलेले बरे. दुपारी दोनला विमान, आपल्या रात्री बाराला लंडन. पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड तास. तिथून वसतिगृहापर्यंत आणखी दीड तास. म्हणजे आपल्या घड्याळात पहाटेचे तीन. आदल्या रात्री नऊपासून मोजले तर तीस तास. विमान दहा तासांचे, प्रवास तीस तासांचा!

कोल्हापूरहून मुंबईला विमानाने गेले तर वेळ वाचतो. हवाई अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, रस्त्याने पावणेचारशेच्या वर. आपला उजळाईवाडीचा विमानतळ आजचा नव्हे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो झाला. मध्ये वर्षानुवर्षे तिथे नियमित विमान नव्हते. २०१८ मध्ये उडान योजनेतून सेवा पुन्हा सुरू झाली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. तरीही लंडनच्या विमानाशी जोडताना मध्ये भरपूर वेळ ठेवावा. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे विमान आपल्यासाठी थांबत नाही, पैसेही बहुधा बुडतात.

आणि रस्त्याचे काय सांगावे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. शिरोलीहून उजळाईवाडी एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. पण त्या दिवसांत पंचगंगेच्या पलीकडे जाणे लंडनला जाण्यापेक्षा अवघड झाले होते. ट्रकांच्या रांगा आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून पावसाळ्यात ज्याला परदेशी जायचे, त्याने एक दिवस आधी नदी ओलांडावी, असा आमचा रोकडा सल्ला.

मुलीच्या आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या दीक्षाभूमीला तीन वेळा जाऊन आलेल्या. कोल्हापूर ते नागपूर सरळ दोरा ताणला तर सुमारे सातशे किलोमीटर. पण महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून बाराशे किलोमीटरहून अधिक जाते आणि एक अख्खा दिवस-रात्र संपवून वर काही तास घेते. आम्ही हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "म्हंजे मुंबईस्नं लंडन दहा तास, आन कोल्हापुरास्नं नागपूर चोवीस तासांच्या वर? मग लंडनच जवळ की गं पोरी!"

आजींचे म्हणणे तासांपुरते खरे होते. पण तासांखेरीज आणखी एक अंतर असते, रुपयांचे. नागपूरला आजी जनरलच्या डब्यात बसून जाऊ शकतात. लंडनला जायला शिष्यवृत्ती लागते. श्रीमंतांच्या पोरांना दहा तासांचे असलेले लंडन आपल्या पोरांना कित्येक पिढ्यांचे होते. ते अंतर कोणी कमी केले, हे त्या घरात भिंतीवर लावलेल्या तसबिरींकडे बघून कळत होते.

बोटीवरचे आठवडे

आम्ही मुलीला म्हणालो, बाळ, तू ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर निघालीस, ते शाहू महाराज १९०२ मध्ये बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी बोटीने इंग्लंडला गेले होते. आणि ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम इथे कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. माणूस हजारो मैलांवर, पण मन करवीरच्या माणसांत.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बोटीने निघाले आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले. घरचे पत्र यायला-जायला आठवडेच्या आठवडे. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते, समुद्रात पाणबुड्या होत्या. ते रेल्वेने मार्सेलला आले, तिथून बोटीने कोलंबोला आणि मग मुंबईला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईत पोचले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीवर होती. ती बोट पाणबुडीने बुडवली. बोट बुडाल्याची बातमी घरी आली, तेव्हा रमाईच्या जिवाचे काय झाले असेल? बुडाली ती सामानाची बोट, हे नंतर कळले. ना मोबाईल, ना व्हॉट्सअ‍ॅप. तारेची वाट बघत बसायचे.

मार्च १९२० मध्ये आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली. शाहू महाराजांनी बाबासाहेबांचा हात लोकांच्या हाती दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये, साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घेऊन, बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. पुढे ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी निघाले, तेही बोटीनेच. मुंबई-लंडन म्हणजे तेव्हा दोन आठवड्यांचा समुद्र. एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले ते ८ जून १९४८ रोजी, आणि तेही कैरो, जिनिव्हा असे थांबत थांबत.

आणि वाचकहो, एक विमान आपण कधीच विसरणार नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले. दिल्ली ते मुंबई हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते विमान सांताक्रूझला उतरले. गिरणीतले कामगार, गोदीतले हमाल, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया, सगळे थंडीत रात्रभर उभे होते. कोणी म्हटले नाही की आता थांबवत नाही. आमच्या आईच्या रात्री आम्हाला ही गोष्ट आठवली नाही, याचे शल्य आम्हाला आजही आहे.

कागद भिंतीवर लावा

मुलीच्या आईची आणखी एक भीती होती. ती तिने हळू आवाजात सांगितली. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान पडले, विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. टीव्हीवर तिने ते बघितले होते. आम्ही तिला खोटा धीर दिला नाही. एवढेच म्हणालो, "वहिनी, भट्टीवर दोन माणसं भाजलेली तुम्ही ऐकलीत, तरी दादा रोज कामावर जातात आणि रोज घरी येतात. जगात रोज लाखो माणसं विमानानं जातात आणि उतरतात. भीती खोटी नाही, पण तिच्यासाठी पोरीची वाट अडवू नका."

मग आम्ही एक मोठा कागद घेतला आणि त्या घरासाठी चार गोष्टी लिहिल्या. ज्यांचे कोणी दुबईला, कतारला, लंडनला किंवा बंगळूरला असेल, त्या सर्वांनी त्या लिहाव्यात.

पहिली, तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे वा पुढे. शक्य असेल तर एक जुने घड्याळ तिकडच्या वेळेला लावून भिंतीवर टांगावे.

दुसरी, निघताना आपल्या माणसाने दोन्ही वेळा सांगाव्यात, तिकडची आणि इथली. "नऊला निघतो" असे अर्धे बोलू नये. विमानाचा क्रमांकही कळवावा, म्हणजे ते उतरले की नाही हे घरच्यांना बघता येते.

तिसरी, घरापासून घरापर्यंतचे तास आधीच मोजून ठेवावेत, आणि त्यात पावसाचे, रांगेचे, गाडी मिळण्याचे तास मिळवावेत. जो आकडा येईल, त्यात आणखी तीन तास घालावेत.

चौथी, आणि ही बोलायला जड जाते. घरात कोणाचे काही झाले, तर लांबच्या माणसासाठी किती थांबायचे, हे सगळे धडधाकट असतानाच ठरवावे. आता शीतपेटी भाड्याने मिळते, इस्पितळाच्या शवागारात सोय होते. वेळ धरून ठेवता येते. ठरलेले नसले, की ऐन वेळी जो मोठ्याने बोलतो त्याचे चालते.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी एक पाचवी जोड. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर तसा शेरा असतो, आणि अशा माणसाला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची इमिग्रेशनची मंजुरी घ्यावी लागते. ती परवाना असलेल्या एजंटामार्फतच करावी. "टूरिस्ट व्हिसावर चला, तिकडं गेल्यावर बघू" असे सांगणाऱ्याच्या मागे लागू नये. तशा वाटेने गेलेल्या माणसाला घरी मयत झाली तरी वेळेवर परतता येत नाही.

कागद भिंतीवर लागला. मुलीच्या आईला लिहिता-वाचता बेताचेच येते. तिने बोट ठेवत एकेक आकडा वाचला. तीस तासांवर बोट थांबले. म्हणाली, "तीस तास. म्हंजे एक रात, एक दिस, आन अर्धी रात."

"होय वहिनी."

"मग थांबू की आमी. तीस तास काय, दोन दिस थांबू. पोरगी येस्तवर कुनी काय बोलायचं न्हाई." आणि नवऱ्याकडे बघून, "तुमीबी ऐका."

आमचे सहकारी काही बोलले नाहीत. मान हलवली.

परतताना रात्रीचे अकरा झाले होते. महामार्गावर ट्रक चालले होते. भावाला फोन लावला. तो अजून दुबईलाच आहे. फोन उचलल्याबरोबर म्हणाला, "दादा, माझ्यात साडेनऊ वाजल्यात, तुमच्यात अकरा. एवढ्या रातचं कसं काय?" त्या जुलैपासून तो प्रत्येक फोनची सुरुवात अशीच करतो. आम्ही म्हणालो, "काही नाही रे. सहज."